पोलादी शहराची फळी : हॅमिल्टन टायगर-कॅट्सची पंचाहत्तर वर्षे

हॅमिल्टन टायगर-कॅट्स या कॅनडातील फुटबॉल क्लबने २०२५ साली पंचाहत्तर वर्षांचा पल्ला गाठला. लेक ओंटारिओच्या पश्चिम टोकाला वसलेले हॅमिल्टन हे पोलादाचे शहर. स्टेल्को आणि डोफास्को या कारखान्यांच्या भट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसांचा हा संघ. मॅकमास्टर विद्यापीठात शिकायला किंवा नोकरी-व्यवसायासाठी या परिसरात आलेल्या मराठी मंडळींनाही सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला, काळ्या-पिवळ्या जर्सींनी फुललेले रस्ते ओळखीचे आहेत. परंतु ज्या क्लबसाठी हे रस्ते फुलतात तो कसा उभा राहिला आणि कुणी टिकवला, हे मराठीत फारसे कुणी लिहिलेले नाही. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने ती वाटचाल येथे मांडत आहोत.

आधी खेळाविषयी थोडे. कॅनडियन फुटबॉल हातात चेंडू घेऊन खेळतात. अमेरिकन फुटबॉलशी त्याचे जवळचे नाते असले तरी नियम वेगळे आहेत. एका संघात बारा खेळाडू, मैदान ११० यार्ड लांब व ६५ यार्ड रुंद, आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळतात फक्त तीन डाउन, म्हणजे तीन प्रयत्न. चेंडू खेळात येण्याआधी दोन्ही संघांच्या फळ्या मध्ये एक यार्ड जागा सोडून समोरासमोर वाकतात. फळीतला खेळाडू, ज्याला लाईनमन म्हणतात, एका हाताची बोटे मातीत रोवून बसतो आणि चेंडू हलताच समोरच्या तितक्याच वजनदार माणसावर छातीने आदळतो. आक्रमक फळीतल्या लाईनमनला पास झेलण्याची मुभाच नसते. चेंडू कुठवर गेला हे त्याला पुष्कळदा प्रेक्षकांच्या आवाजावरूनच कळते. कबड्डीत चढाई करून आलेल्याचे नाव गावभर होते आणि कोपऱ्यात पाय धरणारा तसाच राहतो, तशातला हा प्रकार.

हॅमिल्टनच्या या क्लबची गोष्ट मात्र अशी, की त्याचा कारभार दीर्घकाळ या फळीतल्या माणसांनीच वाहिला. खेळाडू, साहाय्यक प्रशिक्षक, मुख्य प्रशिक्षक, जनरल मॅनेजर आणि शेवटी अध्यक्ष अशा सगळ्या पायऱ्या एकाच क्लबमध्ये चढलेले राल्फ साझिओ हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. म्हणून क्लबचा हा इतिहास बराचसा साझिओंच्या कारकिर्दीच्या आधाराने सांगितला आहे.

पूर्वपीठिका : १८६९ ते १९४९

हॅमिल्टनमध्ये फुटबॉल क्लब निघाला तो १८६९ साली. कॅनडा हा देश म्हणून आकाराला आल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. काळा आणि पिवळा हे रंग त्याच काळातले. पुढे हा संघ टायगर्स म्हणून नावाजला. गव्हर्नर जनरल लॉर्ड ग्रे यांनी १९०९ साली दिलेला ग्रे कप हा कॅनडियन फुटबॉलमधला सर्वोच्च करंडक. टायगर्सनी तो १९१३, १९१५, १९२८, १९२९ आणि १९३२ असा पाच वेळा जिंकला. शहरातल्याच अलर्ट्स या संघाने १९१२ साली तो आणला होता. महायुद्धाच्या काळात फ्लाइंग वाइल्डकॅट्स हा नवा संघ पुढे आला आणि १९४३ चा ग्रे कप त्याने मिळवला.

युद्ध संपले तेव्हा शहरात टायगर्स आणि वाइल्डकॅट्स असे दोन संघ झाले होते. प्रेक्षक तेच आणि त्यांचे खिसेही तेच. दोन्ही क्लबांचे हिशेब तोट्यात जाऊ लागले. अशा वेळी दोन्हीकडच्या जाणत्या मंडळींनी एकत्र बसून विलीनीकरणाचा निर्णय घेतला. जुन्या संघांची नावे पुसायची म्हटली की मानापमानाचे प्रश्न उभे राहणारच. ते इथेही राहिले असतील, पण त्यांच्यावर मात करून दोन्ही नावे जोडणारे ‘टायगर-कॅट्स’ हे नाव ठरले, यातच त्या पिढीचा समंजसपणा दिसतो.

१९५० ते १९५९ : पायाभरणी

नव्या संघाचे पहिले प्रशिक्षक म्हणून अमेरिकेतून कार्ल व्हॉयल्स आले. विल्यम अँड मेरी कॉलेज, ऑबर्न विद्यापीठ आणि त्यानंतर ब्रुकलिन डॉजर्स हा व्यावसायिक संघ असा त्यांचा अनुभव होता. कॉलेजात आणि ब्रुकलिनमध्ये त्यांच्या हाताखाली खेळलेला एक टॅकल, म्हणजे फळीतलाच एक खेळाडू, त्यांच्यापाठोपाठ हॅमिल्टनला आला. न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज गावात वाढलेला, इटालियन वंशाचा, अठ्ठावीस वर्षांचा राल्फ साझिओ. इटालियन घरांची वस्ती हॅमिल्टनमध्येही मोठी होती. साझिओ या गावात रमले ते कायमचे.

त्या काळचा व्यावसायिक फुटबॉल आजच्यासारखा नव्हता. कॅनडातले कित्येक खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. एकच खेळाडू आक्रमणातही उतरे आणि बचावातही. टचडाउनला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाच गुण मिळत. सहा गुणांचा नियम १९५६ साली आला. पूर्वेकडच्या चार संघांची स्पर्धा ‘बिग फोर’ म्हणून ओळखली जाई. आजची कॅनडियन फुटबॉल लीग १९५८ साली आकाराला आली.

स्थापनेनंतर चौथ्याच हंगामात संघ ग्रे कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. १९५३ चा तो सामना टोरांटोच्या व्हर्सिटी स्टेडियमवर विनिपेग ब्लू बॉम्बर्सशी झाला. हॅमिल्टन १२–६ असे पुढे होते आणि शेवटचे क्षण उरले होते. विनिपेगचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जॅक जेकब्ज याने गोलरेषेजवळ उभ्या टॉम केसीकडे चेंडू फेकला. केसीच्या हातांना चेंडू लागतो न लागतो तोच हॅमिल्टनच्या लू कुसेरोने त्याला धडक दिली, चेंडू सुटला आणि करंडक हॅमिल्टनचा झाला. ही टक्कर वेळेआधी झाली होती का, यावर विनिपेगकर अनेक वर्षे वाद घालत राहिले. हॅमिल्टनने त्यात वेळ घालवला नाही.

त्या विजयी संघाचे कर्णधार होते जेक गॉडॉर. तेही फळीतलेच, अगदी मधोमध उभे राहून प्रत्येक वेळी चेंडू मागे देणारे सेंटर. ओरिलिया गावचे गॉडॉर हे नौकानयनातल्या जागतिक विजेत्याचे चिरंजीव. १९५० पूर्वीच्या टायगर्सकडूनही ते खेळले होते. या विजयानंतर त्यांनी मैदान सोडले आणि १९५४ पासून क्लबच्या अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली. पुढे जनरल मॅनेजरपदही त्यांच्याकडेच आले. साझिओ खेळाडू म्हणून चार हंगाम पूर्ण करून साहाय्यक प्रशिक्षक झाले. एक कचेरीत आणि एक मैदानाच्या कडेला, अशी या दोघांची जोडी पुढे चौदा वर्षे टिकली. माझ्या मते टायगर-कॅट्सचे जे काही वैभव आहे त्याची मुळे या जोडीत आहेत.

१९५६ साली गॉडॉर यांनी फिलाडेल्फिया ईगल्सचे माजी प्रशिक्षक जिम ट्रिंबल यांना आणले. (आज उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये दिसणारा एकखांबी, मान वाकवलेला गोलपोस्ट पुढे ट्रिंबल यांनीच एका सहकाऱ्याबरोबर तयार केला.) १९५७ साली फ्लोरिडा विद्यापीठातून जॉन बॅरो नावाचा लाईनमन आला, आणि बर्नी फॅलोनी हा क्वार्टरबॅकही त्याच वर्षी आला. त्याच मोसमात हॅमिल्टनने विनिपेगला ३२–७ असे हरवून दुसरा ग्रे कप मिळवला. हॅमिल्टनचा रे बॉवेल चेंडू घेऊन कडेने मोकळा धावत असताना एका प्रेक्षकाने मैदानालगत उभे राहून त्याच्या पायात पाय घातला, तो हाच सामना. पंचांनी गोलरेषेपर्यंतच्या अंतरातले अर्धे अंतर हॅमिल्टनला बहाल केले.

१९५८ आणि १९५९ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा विनिपेगच समोर होते आणि दोन्ही वेळा हार झाली.

१९६० ते १९६९ : सुवर्णकाळ

हे दशक सुरू झाले एका फसलेल्या अदलाबदलीने. हॅमिल्टनने फॅलोनी आणि डॉन पॅकेट यांना मॉन्ट्रिअलला देऊन सॅम एचेव्हेरी आणि हॅल पॅटरसन यांना घ्यायचे, असा सौदा १९६० च्या अखेरीस ठरला. एचेव्हेरी यांनी नकार दिला. सौदा अर्धाच राहिला. फॅलोनी हॅमिल्टनलाच राहिले आणि वर पॅटरसनही मिळाले. फेक फॅलोनीची आणि झेल पॅटरसनचा, हे दृश्य पुढची काही वर्षे घरच्या सिव्हिक स्टेडियमवर दर आठवड्याचे झाले. १९६० सालीच गार्नी हेनली हा दक्षिण डकोटातल्या एका लहान कॉलेजचा सडपातळ मुलगा आला आणि सोळा हंगाम राहिला. एलिसन केली हा आक्रमक फळीतला खांबही त्याच साली दाखल झाला.

८ ऑगस्ट १९६१ ही तारीख हॅमिल्टनमध्ये आजही अभिमानाने सांगतात. अमेरिकन फुटबॉल लीगमधला बफेलो बिल्स हा संघ सराव सामन्यासाठी आला आणि ३८–२१ असा हरून परत गेला. त्या अमेरिकन लीगमधल्या संघाला हरवणारा हा एकमेव कॅनडियन संघ. त्याच वर्षी पूर्व विभागाच्या दोन सामन्यांच्या निर्णायक लढतीत टोरांटो आर्गोनॉट्सने पहिला सामना २५–७ असा घेतला होता. दुसरा सामना जादा वेळेत गेला, हॅमिल्टनने तो ४८–२ असा घेतला आणि एकूण गुणांवर ते पुढे गेले. अंतिम सामन्यात मात्र विनिपेगने जादा वेळेत बाजी मारली. १९६२ चा अंतिम सामना धुक्यामुळे दोन दिवस चालला. पहिल्या दिवशी तलावावरून आलेल्या धुक्यात चेंडू दिसेनासा झाला तेव्हा साडेनऊ मिनिटे बाकी होती आणि विनिपेग २८–२७ असे एका गुणाने पुढे होते. दुसऱ्या दिवशी तेवढी मिनिटे खेळून झाली, एकही गुण झाला नाही.

सहा वर्षांत पाच अंतिम सामने आणि त्यांतले चार पराभव. या टप्प्यावर ट्रिंबल मॉन्ट्रिअलला गेले आणि १९६३ साली मुख्य प्रशिक्षकपद राल्फ साझिओंकडे आले. बाहेरून मोठे नाव आणण्याचा मार्ग मोकळा होता. पण गॉडॉर यांनी तेरा वर्षे क्लबमध्येच मुरलेल्या माणसावर भार टाकला, आणि हा निर्णय क्लबच्या इतिहासातला सर्वांत फलदायी ठरला.

साझिओंचा संघ बचावावर उभा होता. मधोमध जॉन बॅरो, शेजारी नोत्र दाममधून आलेला अँजेलो मॉस्का. उंच, धिप्पाड, बोलायला मोकळा आणि मैदानावर दांडगा. १९६३ चा अंतिम सामना व्हँकुव्हरला बीसी लायन्सच्या घरच्या मैदानावर झाला. त्यात लायन्सचा तारा विली फ्लेमिंग मैदानाबाहेर जात असताना मॉस्काचा भार त्याच्यावर पडला आणि फ्लेमिंगला सामना सोडावा लागला. धडक नियमात होती की नाही यावर दोन्ही शहरांत अनेक दशके चर्चा झाली. हॅमिल्टनने सामना २१–१० असा जिंकला. पुढच्या वर्षी लायन्सनी ३४–२४ अशी परतफेड केली.

१९६५ चा अंतिम सामना तर प्रशिक्षकांच्या डोक्याची परीक्षा होती. टोरांटोच्या एक्झिबिशन स्टेडियमवर तलावावरून असा वारा सुटला होता की पंट केलेला, म्हणजे पायाने लांब मारलेला, चेंडू हवेत अडून मागे येई. विनिपेगचे प्रशिक्षक बड ग्रँट यांनी वाऱ्याविरुद्ध पंट करण्याऐवजी तीन वेळा आपल्याच गोलक्षेत्रात दोन-दोन गुण सोडून दिले. हॅमिल्टन २२, विनिपेग १६. सोडलेले सहा गुण आणि पराभवाचे अंतर एकच निघाले. वाऱ्यात चेंडू हवेत न ठेवता फळीच्या बळावर यार्डायार्डाने पुढे सरकायचे, ही साझिओंची रीत त्या दिवशी कामाला आली. टॅकल म्हणून स्वतः बोटे मातीत रोवलेल्या माणसाला तो खेळ शिकवावा लागत नव्हता.

कॅनडाच्या शताब्दी वर्षात, १९६७ साली, ओटावाला अंतिम सामना झाला. समोर गतविजेते सस्कॅचेवान रफरायडर्स, त्यांचा क्वार्टरबॅक रॉन लँकेस्टर. निकाल २४–१. ज्यो झुगर सामनावीर ठरला. सस्कॅचेवानला मिळालेला एकमेव गुण हा टायगर-कॅट्सच्या बचावाचा सर्वांत मोठा दाखला आहे. त्याच शताब्दी वर्षात बॅरो यांना लीगने शतकातला सर्वोत्तम लाईनमन म्हणून गौरवले.

१९५७ ते १९६७ या अकरा वर्षांत नऊ अंतिम सामने आणि चार जेतेपदे झाली. त्यांतली तीन जेतेपदे साझिओंच्या पाच वर्षांत आली. नियमित हंगामातल्या सत्तर सामन्यांपैकी एकोणपन्नास त्यांनी जिंकले, वीस हरले आणि एक बरोबरीत सुटला. हे श्रेय एकट्याचे नव्हते. साहाय्यक प्रशिक्षक, पट्ट्या बांधणारे ट्रेनर, पावसात मैदान आखणारे कामगार, तिकीट खिडकीवरचे लोक, आणि ‘ओस्की-वी-वी’ची आरोळी उठवणारा डर्बी टोपीतला पिगस्किन पीट या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. स्टेडियमभोवतीच्या गल्ल्यांतले रहिवासी सामन्याच्या दिवशी आपल्या अंगणात गाड्या लावू देत आणि चार पैसे मिळवत. क्लब आणि मोहल्ला यांचा व्यवहार असा घरगुती होता.

१९६८ साली गॉडॉर संपूर्ण लीगचे कमिशनर झाले आणि १९८४ पर्यंत त्या पदावर राहिले. हॅमिल्टनच्या जनरल मॅनेजरच्या खुर्चीत आता साझिओ बसले. प्रशिक्षकपद त्यांनी आपले साहाय्यक ज्यो रेस्टिक यांच्याकडे सोपवले. हेच रेस्टिक पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून नाव कमावून गेले.

१९७० ते १९७९ : कचेरीतला टॅकल

मैदानाच्या कडेवरून कचेरीत जाणे हे वाटते तितके सोपे नाही. प्रशिक्षकाला रविवारचा सामना दिसतो. जनरल मॅनेजरला तीन वर्षांनी कोण खेळणार, त्याला किती द्यायचे आणि तिकिटातून किती येणार हे पाहावे लागते. हॅमिल्टन हे मोठ्या शहरांच्या तुलनेत लहान बाजारपेठेचे गाव. साझिओ करारांच्या बाबतीत काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. खेळाडूंना ते कधी कठोरही वाटले असतील, पण क्लबची थैली त्यांनी सांभाळली.

याच काळात जॉन बॅरो टोरांटो आर्गोनॉट्सचे जनरल मॅनेजर झाले, आणि पहिल्याच मोसमात, १९७१ साली, त्यांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. गॉडॉर, साझिओ, बॅरो : एका क्लबच्या फळीतून तीन कारभारी निघाले. रेटारेटीत जो उभा राहायला शिकतो त्याला कराराच्या टेबलावरही घाई होत नाही, असे मला या तिघांकडे पाहून वाटते.

१९७२ चा ग्रे कप हॅमिल्टनमध्येच होता. १९३० च्या ब्रिटिश साम्राज्य क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या सिव्हिक स्टेडियमला एव्हाना आयव्हर विन यांचे नाव मिळाले होते. साझिओंनी त्या वर्षी चक ईली हा नवखा क्वार्टरबॅक आणला होता. टोलेडो विद्यापीठाकडून एकही सामना न हरता बाहेर पडलेला हा तरुण कृष्णवर्णीय होता, आणि अमेरिकेत त्याला क्वार्टरबॅक म्हणून खेळवण्याची कुणाची तयारी नव्हती. हॅमिल्टनने त्याला चेंडू हातात दिला. ३ डिसेंबरला सस्कॅचेवानविरुद्ध १०–१० अशी बरोबरी, वेळ संपत आलेली. ईलीने टोनी गॅब्रिएलला एकामागून एक तीन पास दिले, चौथा हेनलीला. मग इयन संटर हा एकोणीस वर्षांचा किकर पुढे आला आणि शेवटच्या खेळीवर ३४ यार्डांवरून त्याने गोलखांबांमधून चेंडू मारून तीन गुणांचा फील्ड गोल केला. १३–१०. सस्कॅचेवानकडून हे पाहत उभा होता तोच रॉन लँकेस्टर. ग्रे कप जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक हा मान ईलीला मिळाला. मॉस्काची ही शेवटची लढत होती. पाच ग्रे कप नावावर घेऊन तो निवृत्त झाला आणि पूर्णवेळ कुस्तीच्या रिंगणात उतरला. त्याच वर्षी कॅनडियन फुटबॉल हॉल ऑफ फेमचे दालनही हॅमिल्टनमध्ये उघडले.

दशकाचा उत्तरार्ध कष्टाचा गेला. साझिओ अध्यक्ष झाले होते. १९७८ साली टोरांटोचे उद्योजक हॅरॉल्ड बॅलार्ड यांनी क्लब विकत घेतला.

१९८० ते १९८९ : दोन काठ

१९८० साली संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला, पण एडमंटनपुढे ४८–१० असा टिकाव लागला नाही. १९८१ च्या मोसमात साझिओंनी एकतीस वर्षांनंतर हॅमिल्टन सोडले. ते गेले थेट टोरांटो आर्गोनॉट्सच्या अध्यक्षपदी. लेबर डेच्या पारंपरिक सामन्यात ज्यांच्याविरुद्ध आरोळ्या ठोकायच्या त्याच संघाकडे! चाहत्यांना हे जड गेले असणार. त्यामागच्या कारणांची उजळणी करण्याचे हे स्थळ नाही.

आर्गोनॉट्सनी तो मोसम दोन विजय आणि चौदा पराभव असा संपवला होता. साझिओंनी बॉब ओबिलोविच यांना प्रशिक्षक नेमले. १९८२ मध्ये संघ अंतिम सामन्यात गेला, आणि १९८३ मध्ये व्हँकुव्हरला बीसी लायन्सना १८–१७ असे हरवून टोरांटोने १९५२ नंतरचा पहिला ग्रे कप जिंकला. एकतीस वर्षांचा दुष्काळ दोन वर्षांत संपवणारा माणूस हॅमिल्टनच्या शाळेत तयार झाला होता, याचा हॅमिल्टनकरांनी अभिमानच बाळगावा.

इकडे हॅमिल्टनमध्ये १९६७ चा सामनावीर ज्यो झुगर जनरल मॅनेजर म्हणून काम पाहत होता आणि अल ब्रूनो प्रशिक्षक होते. त्यांनी १९८४ ते १९८६ सलग तीन अंतिम सामने गाठले. १९८६ च्या विभागीय लढतीत समोर आले साझिओंचे टोरांटो. पहिला सामना आर्गोनॉट्सनी हॅमिल्टनमध्ये येऊन ३१–१७ असा जिंकला. दुसरा टोरांटोत; तो टायगर-कॅट्सनी ४२–२५ असा घेतला. एकूण गुण ५९–५६. तीन गुणांनी साझिओंचा जुना संघ त्यांच्या नव्या संघाला भारी पडला आणि पुढे एडमंटनला ३९–१५ असे हरवून त्याने ग्रे कप आणला. १९८८ साली साझिओंचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. १९८९ साली क्लबची मालकी हॅमिल्टनचे उद्योजक डेव्हिड ब्रेली यांच्याकडे आली. त्याच वर्षीचा अंतिम सामना सस्कॅचेवानविरुद्ध ४३–४० असा शेवटच्या क्षणांतल्या किकवर हातचा गेला.

१९९० ते १९९९ : तग आणि आनंद

पैशाची ओढाताण, मालकीतले बदल आणि क्लब राहतो की जातो अशी धाकधूक यांत दशकाचा बराच काळ गेला. गावाने सीझन तिकिटे घेऊन, सभा भरवून क्लब धरून ठेवला. १९९६ चा ग्रे कप आयव्हर विन स्टेडियमवर बर्फवृष्टीत पार पडला, पण तिथे खेळणारे दोघेही पाहुणे होते.

मग आले रॉन लँकेस्टर. १९६७ आणि १९७२ मध्ये हॅमिल्टनकडून हरलेला सस्कॅचेवानचा क्वार्टरबॅक आता हॅमिल्टनचा प्रशिक्षक झाला होता. १९९८ चा अंतिम सामना कॅलगरीकडून दोन गुणांनी गेला. १९९९ मध्ये त्याच कॅलगरीला ३२–२१ असे हरवून डॅनी मॅकमॅनस, डॅरन फ्लूटी आणि मंडळींनी आठवा ग्रे कप हॅमिल्टनला आणला. टायगर्स, अलर्ट्स आणि वाइल्डकॅट्स धरले तर शहराची जेतेपदे पंधरा होतात.

२००० ते २००९ : राखणदार

२००३ चा मोसम क्लबच्या इतिहासातला सर्वांत खडतर. अठरा सामन्यांत एकच विजय, आणि क्लब दिवाळखोरीच्या दारात. त्या शरद ऋतूत बॉब यंग पुढे आले. हॅमिल्टनमध्ये जन्मलेले, रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीचे सहसंस्थापक असलेले यंग स्वतःला मालक न म्हणता ‘केअरटेकर’ म्हणवून घेत आले आहेत. देणी मिटली, प्रेक्षक परतले.

२००७ च्या डिसेंबरात जेक गॉडॉर आणि २००८ च्या सप्टेंबरात राल्फ साझिओ यांचे निधन झाले. दोघांचेही अखेरचे वास्तव्य हॅमिल्टनला लागून असलेल्या बर्लिंग्टन गावात होते.

२०१० ते २०२५ : नवे घर

२०१२ च्या हंगामानंतर आयव्हर विन स्टेडियम पाडले. २०१३ चा मोसम संघाने ग्वेल्फच्या विद्यापीठ मैदानावर काढला आणि तरीही अंतिम सामना गाठला. जुन्या जागीच बांधलेले नवे टिम हॉर्टन्स फील्ड १ सप्टेंबर २०१४ रोजी, लेबर डेच्या सामन्याने उघडले, आणि टोरांटोला १३–१० असे हरवून त्याचा श्रीगणेशा झाला. अंगणातल्या गाड्यांचा व्यवहारही नव्या स्टेडियमसोबत सुरू राहिला. २०१५ साली मॉस्काची ६८ क्रमांकाची जर्सी कायमची राखून ठेवण्यात आली. तो मान त्याआधी फक्त फॅलोनीच्या १० क्रमांकाला मिळाला होता.

हॉल ऑफ फेमही आता स्टेडियममध्येच आहे. गॉडॉर, साझिओ, बॅरो, मॉस्का, केली ही फळीतली मंडळी तिथे हेनली आणि फॅलोनी यांच्या बरोबरीने आहेत.

२०१९ साली संघाने अठरापैकी पंधरा सामने जिंकून क्लबचा विक्रम केला. २०२१ चा ग्रे कप हॅमिल्टनमध्येच झाला आणि विनिपेगविरुद्ध जादा वेळेत ३३–२५ असा गेला. २०२२ साली स्टेल्को ही पोलाद कंपनी क्लबच्या मालकीत भागीदार झाली. ज्या कारखान्याच्या कामगारांनी स्टेडियम भरले तो कारखानाच भागीदार झाला, हे मला फार समाधानाचे वाटते. याच व्यवस्थापनाखालच्या फोर्ज एफसी या सॉकर संघाने कॅनडियन प्रीमियर लीगची चार जेतेपदे मिळवली आहेत.

अमृतमहोत्सवी हंगामात प्रशिक्षक स्कॉट मिलानोविच आणि क्वार्टरबॅक बो लेव्हाय मिचेल यांच्या संघाने पूर्व विभागात पहिला क्रमांक घेतला. विभागाचा अंतिम सामना घरच्या मैदानावर मॉन्ट्रिअलशी झाला आणि शेवटच्या किकवर १९–१६ असा गेला. १९९९ नंतर ग्रे कप हॅमिल्टनला आलेला नाही. आज लीगमध्ये इतकी वाट दुसरा कुठलाही क्लब पाहत नाही.